राळ लावलेला पट्टा

आमच्या घरात जेवताना बोलायला बंदी नव्हती, बोलून उपयोग नव्हता एवढंच. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नानांची पिठाची गिरणी होती, आणि धुळ्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायका डबे घेऊन यायच्या त्या नेमक्या आमच्या जेवणाच्या वेळेला. नाना म्हणजे माझे वडील. आई तव्यावरची कळण्याची भाकरी थेट ताटात टाकायची, वर ठेचा आणि शेंगदाण्याच्या तेलाची धार, आणि 'अजून देऊ का' हे हातानंच विचारायची. नाना एका कानानं जेवत. दुसरा कान भिंतीकडे. गिरणीचा लांब पट्टा मोटरीवरून जात्याच्या पुलीवर जायचा, त्याच्या सांध्याला लोखंडी पिना होत्या, आणि प्रत्येक फेऱ्याला पुलीवर टक् व्हायचं. त्या टकटकीत जरा फरक पडला की नानांचा घास हातात थांबायचा. मग भिंतीपलीकडून चिर्र असा आवाज आला की ते उठायचे. "पट्टा घसरी ऱ्हायना," म्हणजे घसरतोय, एवढंच म्हणायचे, आणि फळीवरच्या डब्यातला राळेचा खडा काढून फिरत्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला टेकवायचे. राळ म्हणजे झाडाच्या चिकाचा सुकलेला पिवळा खडा. तिनं पट्टा चिकट होतो, पुलीला धरून चालतो. दोन मिनिटांत आवाज बसायचा, घरभर देवळासारखा वास पसरायचा, आणि नाना परत येऊन गार भाकरी खायचे. मी हे शेकडो वेळा पाहिलं. पट्टा ओरडला की राळ लावायची, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं.

मी अजून तिशी गाठलेली नाही. हे आत्मकथन लिहायचं वय नव्हे, असं मला तोंडावर सांगून झालेलं आहे. नसेल. पण दमायला वय लागत नाही. मी आठ वर्षं पत्रकं लिहिली. पत्रक म्हणजे अर्धा कागद, वर ठळक मथळा, खाली मागण्या. त्यात 'पण' हा शब्द बसत नाही, मी तो बसू दिला नाही. या एका प्रकरणात तो बसवायचा आहे, म्हणून एवढी पानं.

कॉलेज सुटल्या सुटल्या मी कामगारांच्या एका मंडळात शिरले. मंडळ म्हणजे चार माणसं आणि एका झेरॉक्सवाल्याशी ओळख. आमच्याकडे पार्सल पोचवणाऱ्या बारा माणसांचं प्रकरण आलं. त्यांचा ठेकेदार स्वतः शेठ म्हणवून घ्यायचा आणि या बारा जणांना पार्टनर म्हणायचा. हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून उठतं. पार्टनरला सुट्टी नाही, पार्टनरला विमा नाही, पार्टनर आजारी पडला तर तो एकटा पडतो, बाकीची पार्टनरशिप उभीच असते. शेठनं जुन्या गाड्या काढून बारा जणांना बॅटरीच्या मोटारसायकली दिल्या. त्यांना साखळी नव्हती. मोटरीवरून मागच्या चाकाकडे रबराचा पट्टा जायचा, आतून दात असलेला. या गाड्यांना इंजिनाचा आवाजच नसतो, त्यामुळे पट्टा काय बोलतो ते सगळ्या रस्त्याला ऐकू जातं. उन्हाळा लागला, हायवेची धूळ उडायला लागली, आणि गाड्या बोलायला लागल्या. चिर्र, चिर्र, चिर्र. गाडी हळू तर आवाज हळू, जोरात तर जोरात. देवपुरातल्या बायका म्हणायच्या, "पार्सल उनं वाटतं, चिमणी वरडी ऱ्हायनी." जिथून गाड्या घेतल्या तिथं विचारलं, तर म्हणे उन्हानं होतं, सवय करा. सवय करा! या देशात गरिबाला वॉरंटीत एवढीच गोष्ट फुकट मिळते.

बारा जणांत गोपाल सगळ्यात थोराड. उंच, दोन मुलींचा बाप, बोलायला मोजका. त्याला हा आवाज सहन होईना. "ताई, दिवसभर कानमा कोणी सुई फिराई ऱ्हायना असं वाटस," तो मला म्हणाला. मी म्हटलं, चल आमच्या नानांकडे, धुळ्यात पट्ट्याचा आवाज त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. मीच म्हटलं. हे वाक्य मी आजवर कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. नानांनी गाडी स्टॅंडवर घेतली, चाक हातानं फिरवलं, डोळे मिटून ऐकलं.

"घसरी ऱ्हायना."

गोपाल म्हणाला, "नाना, याले तर दात शेत. दातवाला कसा घसरई?"

"दात तुले बी शेत," नाना म्हणाले, "तरी मागला पावसाळामा मना दारसमोर कसा आपटना?"

गोपाल हसला. मीही हसले. आई चहा घेऊन आली तीही हसली. नानांनी राळेचा खडा त्या काळ्या पट्ट्याच्या दातांवरून सावकाश फिरवला, चाक फिरवत गेले, राळ लावत गेले. गोपाल गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. आवाज बंद. त्याच्या तोंडावर असा आराम मी त्याआधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दिनेश नावाचा त्याचा जोडीदार आला, त्याच्याही पट्ट्याला नानांनी राळ लावली. मला त्या दिवसांत फार अभिमान वाटायचा. मोठ्या कंपनीला न जमलेलं माझ्या पिठानं माखलेल्या बापानं केलं होतं. पत्रकात घालण्याजोगीच गोष्ट होती.

दोन-तीन आठवड्यांनी गोपाल हायवेच्या पुलावर चढत असताना पट्ट्यातून काड्‌ काड्‌ असा आवाज आला, चाकाला झटका बसला, आणि गाडी आडवी झाली. मागच्या ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून तो वाचला. गळपट्टीचं हाड मोडलं. शेठनं गाडी उचलून गोदामात ठेवली आणि निरोप दिला की गोपालनं गाडी नीट वापरली नाही, आता त्याला काम नाही, दवाखान्याचंही त्याचं तो बघेल. मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. 'पट्टा कंपनीचा, हाडं आमची!' असा मथळा. आत लिहिलं की निकृष्ट पट्टे कामगारांच्या जिवावर उठले आहेत. 'निकृष्ट' शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या. बसस्टँडवर वाटलं, गोदामाच्या दारात वाटलं. लोकांनी वाचलं, दोन दुकानदारांनी पार्सल घ्यायला नकार दिला, आणि शेठ बैठकीला तयार झाला. गोपालला कामावर परत घ्यायचं, औषधपाणी करायचं, बाकीच्यांच्या गाड्या दुरुस्त करून द्यायच्या, एवढ्याच मागण्या. आता फक्त एखाद्या जाणकाराचं मत हातात हवं होतं.

जाणकार म्हणून सलीमभाईंचं नाव कळलं. जळगावचे. आधी जिनिंगच्या यंत्रांवर काम केलेले, आता बॅटरीच्या गाड्या उघडणारे. आमच्याकडे उरलेल्या गाड्यांत दिनेशची जास्तच कुरकुरत होती, राळेनंतर काही दिवस गप्प राहून आता तीही अधूनमधून काड्‌ करायची. बैठकीच्या आदल्या दिवशी केळी भरायला निघालेल्या एका रिकाम्या टेम्पोत आम्ही ती चढवली आणि पारोळा, एरंडोल करत दहाच्या आसपास जळगावला पोचलो. सलीमभाईंचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लोखंडी घोडी आणि भिंतीला ओळीनं टांगलेले फाटके पट्टे. साठीचा माणूस, पांढरी दाढी, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. मी पत्रक पुढं केलं आणि सुरू झाले, की ठेकेदारांच्या नफेखोरीमुळे.

"बेटी, पत्रक नको," ते म्हणाले. "आवाज काढ."

"कसला?"

"गाडीचा. तोंडानं काढून दाखव. मी आधी माणसाकडून ऐकतो, मग गाडीकडून."

त्यांची ही रीतच होती. गाडी घेऊन आलेल्या प्रत्येकानं आधी आवाजाची नक्कल करायची. दुकानात तीन माणसं बसलेली होती, ती सरसावून बसली. दिनेश लाजून लाल झाला, मग एकदम सुरू झाला, "चिर्र, चिर्र, चिर्र."

"चाक फिरेल तशी, का मधूनच?"

"फिरेल तशी."

"हं. आणि दुसरा?"

"काड्‌!" दिनेश इतक्या जोरात ओरडला की बाहेरून जाणारी म्हातारी थबकली. "चढावर. नाहीतर एकदम मूठ पिळली का."

"टिक् टिक् होतं का? दातात खडा अडकल्यासारखं?"

"नाही."

"उं… असं रडतो का? लांब, एकसारखं?"

"नाही, रडत नाही."

"मग ताणलेला नाही. ताणलेला पट्टा रडतो." बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "भाई, मनी बायको बी ताणेल ऱ्हास तवय रडस," आणि सगळे हसले. सलीमभाईंनी त्याच्याकडे न बघता चाक उचलून घोडीवर घेतलं.

मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. चाक हातानं फिरवलं आणि नुसतं बघत राहिले, पट्टा पुलीवर कुठं बसून चालतो ते. पट्टा पुलीच्या डाव्या कडेला चिकटून चालला होता. त्यांनी बाटलीतून पाण्याचा फवारा मारला. चिर्र बंद. सुकलं, परत चिर्र. त्यांनी मान हलवली. मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पट्ट्याच्या दोन दातांमधला काळा लगदा खरवडून काढला, बोटावर घेतला, चोळला, हुंगला. त्यांचं बोट थांबलं तेव्हाच मला कळलं. तो वास मला पाळण्यापासून माहीत होता.

"राळ कोणी लावली?"

दिनेश माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

"पिठाची गिरणी आहे?"

मी मान हलवली. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. "गिरणीवाल्याचा कान खोटा नसतो," ते म्हणाले. "सपाट पट्टा घसरला का असाच ओरडतो. पण हा घसरूच शकत नाही, बेटी, याला दात आहेत. हा घासतो म्हणून ओरडतो. राळेनं आवाज दाबला. मग त्या चिकटपणाला हायवेची सगळी माती धरली, कापसाचं फुसकट धरलं, खाचा भरल्या. दात पूर्ण आत बसेना. चढावर जोर आला का दात खाचेवरून उडी मारतो. काड्‌." त्यांनी काढलेला तो आवाज हुबेहूब होता.

ब्रशनं, साबणाच्या कोमट पाण्यानं त्यांनी पट्टा आणि दोन्ही पुल्या धुतल्या. एक तास गेला. वाळल्यावर चाक फिरवलं, तर चिर्र पुन्हा स्वच्छ ऐकू आलं. "आता मूळ आजार बोलला." मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंना बसवणीच्या बारीक खुणा असतात. डावीकडे आस तिसऱ्या खुणेवर होता, उजवीकडे चौथीच्या पुढं. चाकच तिरपं बसवलेलं. "हे गाडी देणाऱ्यानं केलं. घाईत बसवली. पट्टा चांगला आहे." पाव-पाव फेरा देत त्यांनी आस सरळ केला, मधे मधे चाक फिरवून बघत राहिले. पट्टा कडेवरून सरकत सरकत मधे आला, आणि आवाज थांबला. नुसता थांबला. काही न लावता.

मी त्यांच्याकडे लेखी मागितलं. ते लिहायला बसले तेव्हा मी म्हटलं, "चाक तिरपं बसवलं एवढंच लिहा, भाई. राळेचं नको." मी म्हटलं हे. मी, जी शेठच्या प्रत्येक शब्दातलं खोटं बाजूला काढून लोकांना दाखवायची.

"मग काहीच नाही लिहिणार," ते म्हणाले. "आवाज एक होता, आजार दोन होते. दोन्ही लिहीन."

दोन्ही लिहिलं. एकाच कागदावर, खाली सही.

परत येताना टेम्पो केळीनं भरलेला होता, गाडी मागं घडांमधे बांधली होती. मी आणि दिनेश पुढं ड्रायव्हरशेजारी दाटीनं बसलो. दिवेलागणीला उतरले तेव्हा गोपालचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. मी गेले नाही. पाय दुखत होते, तोंडाला उन्हाची चव आली होती, आणि त्याच्यासमोर उभं राहून 'हाड माझ्यामुळे मोडलं' हे कोणत्या शब्दात म्हणायचं ते सुचत नव्हतं. हे कारण नाही, हे मला कळतं. घरी नानांना सांगितलं. त्यांनी पिठाळ हात पुसले. मग त्यांनी एकच विचारलं, "गोपालले सांगं का?"

"सकाळी सांगते."

सकाळी मी आधी कागदाच्या प्रती काढायला गेले. वीज नव्हती. ती येईपर्यंत थांबले, कारण प्रतीशिवाय बैठकीला जाणं मला माहीतच नव्हतं. गोदामात पोचले तेव्हा सगळे आत बसलेले होते. गोपाल पुढं, हात गळ्यात बांधलेला, धुतलेला पांढरा शर्ट. नाना माझ्या आधीच येऊन दाराशी उभे होते. टेबलावर गोपालच्या गाडीचा काढून ठेवलेला पट्टा. शेठ त्याला बोट लावून बघत होता.

"हे चिकट काय आहे, गोपालराव? पट्ट्याला काही लावलं होतं का?"

गोपालनं माझ्याकडे बघितलं नाही, नानांकडेही बघितलं नाही. "नाही शेठ," तो शुद्ध मराठीत म्हणाला, "काही लावलं नाही. रस्त्याचं डांबर असेल. उन्हात वितळतं."

आणि शेठला ते पटलं. मी पाहिलं, पटलं. त्यानं बोट रुमालाला पुसलं. "बरं. मग तुमचं म्हणणं काय आहे ते दाखवा," तो मला म्हणाला.

माझ्या हातात तो कागद होता. तो दाखवला नाही तर चाकं तिरपी आहेत हे माझ्या नुसत्या शब्दावर शेठ मानणार नव्हता, आणि उरलेले अकराजण त्याच तिरप्या गाड्यांवर दुसऱ्या दिवशी हायवेला जाणार होते. दाखवला तर त्यावर राळही होती. मला आजही कोणी विचारलं तर मी म्हणेन, दाखवायलाच हवा होता. एवढंच की तो गोपालला आधी दाखवायला हवा होता.

मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "राळ होती. माझ्या सांगण्यावरून लावली."

नाना दारातून पुढं आले. "राळ मी लावेल शे. त्याना काय दोष? चूक मनी शे."

शेठनं कागद सावकाश वाचला. मग सगळ्यांना घेऊन अंगणात गेला आणि एकेका गाडीच्या खुणा बघितल्या. नऊ गाड्या तिरप्या निघाल्या. तो बुद्धीचा माणूस आहे, उघड दिसतं ते नाकारण्यात वेळ घालवत नाही. सगळ्या गाड्या सरळ करून देईन, म्हणाला, दिनेशलाही नवीन पट्टा देईन. मग गोपालकडे वळला.

"राळेचं मी काही म्हणत नाही. नाना मोठे माणूस, चांगल्या मनानं केलं. पण तू आत्ता माझ्या तोंडावर खोटं बोललास. माझ्याकडे लोकांचा माल असतो. खोटं बोलणाऱ्याच्या हाती मी तो देऊ शकत नाही."

मी भांडले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी त्या गोदामात केलं, पार्टनर हा शब्द चिरफाळून टाकला, तिरप्या चाकानं माणूस पडला असता तर काय, हेही विचारलं. शेठ ऐकत राहिला. अकराजण खाली बघत होते. त्यांचं काम झालेलं होतं, आणि त्यांच्या घरातही पोरं होती. मी त्यांना दोष देत नाही. पत्रकात दिला असता.

बाहेर आल्यावर मी गोपालला गाठलं. तो रिक्षाची वाट बघत उभा होता, एका हातानं दुसरा हात सावरून.

"मी नानासाठे खोटं बोलनू, ताई," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "रातले माले एक सांगता नही उनं का तुले? मी बी खरंच बोलनू असतू."

रिक्षा आली. नाना त्याच्यासोबत रिक्षात बसले, घरापर्यंत गेले, आणि पुढं हाड जुळेपर्यंत दवाखान्यात त्याला नेणं-आणणं त्यांनी केलं. त्याबद्दल त्यांनी मला घरात कधी बोलू दिलं नाही.

मंडळानं विजयाचं पत्रक काढायचं ठरवलं. नियमाप्रमाणे मीच लिहिलं. कामगारांच्या एकजुटीपुढं ठेकेदार नमला, वगैरे. खाली लढ्यात उभ्या राहिलेल्या सगळ्यांची नावं घालायची आमची पद्धत होती, आणि मी पहिलं नाव गोपालचं घातलं. झेरॉक्सला द्यायच्या आधी दिनेशच्या हाती कच्चा कागद त्याच्याकडे पाठवला, या वेळी तरी विचारून. दिनेश तासाभरात परत आला. गोपालनं कागद पूर्ण वाचला होता, एकही शब्द बदला म्हणाला नव्हता. फक्त निरोप दिला होता की माझं नाव काढा, वाचणाऱ्याला वाटेल मी अजून तिथंच कामाला आहे.

मी अकरा नावं छापली.